अंगण खरंच वाकडं असेल तर?

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आपल्याला फार लहानपणी शिकवतात. इतकी पक्की, की पुढे आयुष्यभर हत्याराला दोष द्यायची लाज वाटते. पेन चालत नसेल तर अक्षर वाईट, बॅट जुनी असेल तर फलंदाज वाईट. मला ही म्हण आवडते, कारण बहुतेक वेळा ती खरी असते. पण या म्हणीपायी मी माझी दोन वर्षं वाया घालवली आणि एक आवडती गोष्ट कायमची सोडायच्या बेतात आलो होतो. म्हणून हे लिहितोय.

गोष्ट रायफलच्या नळीची आहे.

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि गेली बरीच वर्षं टार्गेट रायफल खेळतो. लंडनच्या नैऋत्येला सरे परगण्यात बिस्ले नावाचं ठिकाण आहे, ते आम्हा रायफलवाल्यांचं पंढरपूर. इथल्या नॅशनल रायफल असोसिएशनची स्थापना १८५९ ची. पहिली स्पर्धा १८६० च्या जुलैमध्ये विम्बल्डनच्या माळावर झाली आणि १८९० पासून हा मेळा दर उन्हाळ्यात बिस्लेला भरतो. खेळ दिसायला अगदी साधा. पालथं पडायचं, दंडाला पट्टा अडकवायचा, एका वेळी एकच काडतूस भरायचं. बोल्ट हाताने मागे ओढून पुढे सारायचा. दुर्बीण नाही. मागे एक बारीक छिद्र, पुढे एक कडं, आणि त्या कड्यात पलीकडचा काळा ठिपका. अंतरं ३०० यार्डापासून १००० यार्डापर्यंत. हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. तिथला बुल साधारण दोन फूट व्यासाचा असतो, पण एवढ्या लांबून तो टाचणीच्या डोक्याएवढा वाटतो.

तर दोन हंगाम मला हजार यार्डावर काही जमेना. पंधरा गोळ्यांत चार-पाच बुलच्या बाहेर. त्यातही गंमत अशी की काही वर, काही खाली. काडतुसं आयोजकांनीच सगळ्यांना दिलेली, एकसारखी. शेजारी पडलेल्या मुलीच्या गोळ्या त्याच काडतुसांनी मध्यभागी जात होत्या. मग उरलं कोण? मीच. त्रेसष्टावं लागलं होतं, चष्म्याचा नंबर वाढला होता, रात्री खांदा दुखायचा. कारणं शोधायला लांब जावं लागलं नाही. गेल्या उन्हाळ्यात मी क्लबच्या कप्तानाला सांगून टाकलं की लांब पल्ल्याच्या संघातून माझं नाव काढा. त्याने वाईट वाटून घेतलं, पण फार आग्रह केला नाही. ते जास्त लागलं.

रायफल विकायच्या आधी एकदा तपासून घ्यावी म्हणून मी ती आमच्या गनस्मिथकडे नेली. हे गृहस्थ माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, बोलायला अतिशय कमी. त्यांनी रायफल हातात घ्यायच्या आधी विचारलं, "वही आणली आहे का?"

आमच्यात प्रत्येकाची एक वही असते. दर गोळी कुठे लागली, वारा किती धरला, साइट किती फिरवली, सगळं त्यात लिहायचं. माझ्या वह्या मी इमानेइतबारे लिहिल्या होत्या, पण उलटून कधी वाचल्या नव्हत्या. (डायरी लिहिणाऱ्या बहुतेकांचं हेच होत असावं.) त्यांनी दहा मिनिटं पानं चाळली आणि म्हणाले, "तीनशे यार्डावर तुम्ही अजून पहिल्यासारखेच आहात. हजारावर गोळ्या उभ्या पसरतायत. डोळे गेले असते तर तीनशेवरही गेले असते ना?"

मी गप्प. मी इंजिनिअर माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मशिनमधले बिघाड असेच अंतराअंतराने, एकेक कारण वगळत शोधले. आणि स्वतःच्या बाबतीत मात्र सरळ निकाल लावून मोकळा झालो होतो.

त्यामागचं गणित सोपं आहे. गोळीचा वेग प्रत्येक वेळी थोडा कमी-जास्त होतो. तो सेकंदाला दहा मीटरने बदलला तर तीनशे यार्डावर फरक जेमतेम अर्ध्या इंचाचा, तो कळतही नाही. पण हजार यार्डापर्यंत गोळी दीड सेकंद हवेत असते, सारखी खाली येत असते, आणि तिथे तोच फरक साधारण वीतभर होतो. आम्ही यंत्र लावून माझ्या रायफलचा वेग मोजला. दहा गोळ्यांत वीस मीटरहून जास्त तफावत. म्हणजे दोन विती. बुलच दोन फुटांचा, तिथे दोन वितींचा घोळ रायफलच घालत होती. माझ्या चुकांना जागाच उरली नव्हती!

मग त्यांनी नळीत बारीक कॅमेरा घातला आणि पडद्यावर दाखवलं. काडतूस जिथे बसतं त्याच्या लगेच पुढचा भाग. ज्यांनी दुष्काळात आटलेलं तळं पाहिलंय त्यांना ते चित्र वेगळं सांगायला नको. पोलाद तसं भेगाळलं होतं. गोळीला पीळ देणारे चर तिथे सुरू व्हायला हवेत. ते पुसट होत होत बरेच पुढे सरकले होते. हे चर मुळात असतात तरी किती खोल? इंचाचे चार हजारांश, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. तेवढंच भांडवल, आणि ते संपलं होतं.

याच सुमारास पुण्याला फोनवर हे बोललो तर भाचा म्हणाला, "मामा, नळी कशी संपेल? लोखंडाची असते ना?" २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवल्यापासून आमच्या घरात सगळेच नेमबाजीतले जाणकार झालेत. पण त्याची शंका रास्त होती. स्वप्नीलची ती रायफल .२२ ची. तिच्या काडतुसात दारू चिमटीत मावेल त्याहूनही कमी, गोळी मऊ शिशाची, वेग बेताचा. ती नळी वर्षानुवर्षं साथ देते. आमचं .३०८ चं काडतूस जवळजवळ तीन ग्रॅम दारू जाळतं. आतला दाब चार हजार बारच्या आसपास जाऊ शकतो, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या दाबाच्या दोनेक हजार पट. तो तापलेला वायू दर वेळी त्याच इंचभर पोलादावरून जातो. अशा नळ्या चांगल्या अचूकतेने साधारण पाच हजार गोळ्यांच्या आसपास टिकतात, कुणाची थोडी कमी, कुणाची थोडी जास्त. माझ्या वहीतली बेरीज ५,२०० च्या पुढे गेली होती.

यातली मला सगळ्यात अजब वाटणारी गोष्ट सांगतो. गोळी नळीत असते ती दीड मिलिसेकंदाच्याही आत. पाच हजार गोळ्यांचा हिशेब केला तर नळीचं सगळं कामाचं आयुष्य सात-आठ सेकंदांचं भरतं. माझी नळी सात वर्षं टिकली असं मी म्हणत होतो. ती सात सेकंद टिकली होती, बाकीचा वेळ तिने कपाटात काढला.

नळी बदलायची ठरल्यावर माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. लेथ मला नवा नाही. आटे पाडायचे, एक रीमर फिरवायचा, त्यात काय मोठंसं? आपणच का करू नये? हा प्रश्न मी त्यांना विचारला. तेव्हा त्यांनी नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "शनिवारी येऊन बसा. हात लावायचा नाही."

मी दिवसभर स्टुलावर बसून होतो. मला वाटलं होतं नळी म्हणजे पाइप. एक काढायचा, दुसरा आवळायचा. पण नवी नळी येते ती म्हणजे आत भोक आणि पीळ पाडलेला एक पोलादी दांडा. तिला ना मागे आटे, ना काडतूस बसायला चेंबर. ते सगळं तुमच्या रायफलच्या मापाने करावं लागतं. शिवाय लांब भोक कधीच पूर्ण सरळ नसतं आणि दांड्याच्या बाहेरच्या अंगाच्या बरोबर मध्यावरही नसतं. म्हणून ते बाहेरून माप घेत नाहीत. भोकाच्या आत डायलची सुई घालून, चकचं एकेक बूड जरासं ढिलं-घट्ट करत, भोक मध्यावर फिरेपर्यंत थांबतात. पाऊण तास नुसतं हेच चाललं होतं. लेथ अजून कापायला सुरूही केला नव्हता. माझ्या हाताखालच्या एखाद्या पोराने एवढा वेळ घेतला असता तर मी ओरडलो असतो.

मग आटे. मग चेंबर: रीमर थोडा आत, बाहेर, पुसणं, तेल, पुन्हा थोडा आत. शेवटी तर कापणं कमी आणि मोजणंच जास्त. इथलं सगळ्यात महत्त्वाचं माप म्हणजे बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाला मागेपुढे हलायला किती जागा उरते ते. जागा कमी पडली तर बोल्ट बंद होत नाही. जास्त झाली तर पितळी टोपण ताणलं जातं, फाटू शकतं, आणि तो चार हजार बारचा वायू मागे, म्हणजे गालाच्या बाजूला, वाट शोधतो. यासाठी दोन गेज असतात. टूलरूममध्ये काम केलेल्या कुणालाही त्यांची नावं ओळखीची वाटतील: गो आणि नो-गो. पहिल्यावर बोल्ट सहज बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. त्यांच्याकडच्या दोन गेजांमधला फरक इंचाचा चार हजारांश, पुन्हा तोच केसाएवढा आकडा. त्यांनी पहिला गेज घालून बोल्ट दोन बोटांनी खाली केला. तो बसला. दुसरा घातला, बोल्ट अर्ध्यावर अडला. त्यांच्या चेहऱ्यावर काही बदल झाला नाही. माझाच श्वास अडकला होता.

त्यानंतर नळीचं पुढचं तोंड. गोळी शेवटचा स्पर्श करते तो या काठाला. तो एका बाजूला जरासा जरी दुखावला तरी वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळीला ढकलतो. म्हणून तोंड आत घेऊन, अगदी काटकोनात कापतात. आणि एवढं सगळं करून रायफल लगेच माझ्या हातात आली नाही. ती आधी प्रूफ हाउसला गेली. ब्रिटनमध्ये १८६८ चा एक कायदा आहे, त्यामुळे लंडन आणि बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसांमध्ये नेहमीपेक्षा जास्त दाबाची काडतुसं झाडून नळी तपासतात आणि मग तिच्यावर शिक्का मारतात. या शिक्क्याशिवाय ती विकता येत नाही. नळी हा इथे कायद्याने नुसता सुटा भाग नाहीच, तिला परवाना लागतो. आपल्याकडेही १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे भाग शस्त्रातच धरलेत. आधी मला ही सगळी सरकारी कटकट वाटायची. तो गेज अडताना पाहिल्यापासून वाटत नाही.

आता माझं मत सांगतो, कारण क्लबात या विषयावर माझे रोज वाद होतात.

आमच्याकडे दोन प्रकारचे लोक आहेत. पहिले, एक स्पर्धा वाईट गेली की नळीच्या जाहिराती चाळायला लागणारे. अमक्या अमेरिकन नळीने तमका जिंकला, मग तीच हवी. त्यांचा पहिला प्रश्न नेहमी 'कुठल्या कंपनीची?' असतो. माझ्या मते हा चौथा-पाचवा प्रश्न आहे. चांगल्या नळ्या करणारे अनेक आहेत आणि त्यांच्यातला फरक माझ्यासारख्याच्या नेमापेक्षा लहान आहे. पहिला प्रश्न 'जुनी गेली हे कशावरून?' आणि दुसरा 'बसवणार कोण?' माझ्या बिलात बसवण्याची मजुरी नळीच्या किमतीच्या जवळ गेली होती. तो दिवस पाहिल्यावर मला ती कमीच वाटली. उत्तम नळी वाईट बसवली तर ती वाईट नळी होते. बरी नळी उत्तम बसवली तर ती पाच हजार गोळ्या तुमची लाज राखते.

दुसरे लोक माझ्यासारखे. काटकसरीत वाढलेले. वस्तू पूर्ण झिजेपर्यंत वापरायची, आणि बिघडली तर आधी आपलं काही चुकलं का ते बघायचं. आम्हाला नवी नळी मागणं म्हणजे बहाणा मागितल्यासारखं वाटतं. यात नम्रता आहे असं आम्ही समजतो. मला आता तसं वाटत नाही. न मोजता हत्याराला दोष देणं हा आळस असेल, तर न मोजता स्वतःला दोष देणं हाही आळसच आहे. फक्त दुसरा चारचौघांत बरा दिसतो. माझ्याकडे सात वर्षांच्या वह्या होत्या. उत्तर त्यात लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात. पण 'वय झालं' म्हणणं सोपं होतं.

१८६० साली विम्बल्डनला पहिली गोळी व्हिक्टोरिया राणीने झाडली. रायफल यांत्रिक स्टँडवर आधीच ४०० यार्डांवर रोखून ठेवलेली होती, राणीने फक्त दोरी ओढली, आणि गोळी जवळजवळ मध्यावर लागली. आमच्यात हा किस्सा हसत सांगतात. मला तो हल्ली वेगळा वाटतो. यात रायफलचं किती आणि माणसाचं किती, हा प्रश्न या खेळात अगदी पहिल्या गोळीपासून आहे. त्याचं उत्तर बाणेदारपणे देता येत नाही, मोजूनच द्यावं लागतं.

या एप्रिलमध्ये नवी नळी घेऊन हजार यार्डावर गेलो. पंधरा गोळ्या. उभा पसारा निम्म्याहून कमी झाला होता. वर-खाली एकही बुलच्या बाहेर नाही. मला नाचावंसं वाटत होतं, अंगणही आता सरळ होतं! पण तीन गोळ्या बाहेर होत्याच. दोन डावीकडे, एक उजवीकडे.

डावं-उजवं नळीमुळे होत नाही. ते वाऱ्यामुळे होतं. हजार यार्डावर ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा आमच्या गोळीला सात-आठ फूट बाजूला नेतो, आणि तो किती आहे हे झेंडे बघून ज्याचं त्याने ठरवायचं असतं. ते मी चुकलो होतो. वह्या काढून मागे पाहिलं, तर या चुकाही जुन्याच निघाल्या. इतकी वर्षं त्या उभ्या पसाऱ्याच्या गर्दीत लपून बसल्या होत्या. म्हणजे उभं चुकत होतं ते नळीचं, आणि आडवं चुकत होतं ते माझं. नवी नळी घेतल्याने मी चांगला नेमबाज झालो नाही. माझ्या चुका कुठल्या, ते कळलं. तेवढ्यासाठी पैसे दिले असं म्हणायलाही माझी हरकत नाही.

घरी येऊन मी आणखी एक हिशेब केला. वर्षाला साडेसातशे गोळ्या, म्हणजे ही नळी मला सत्तरीपर्यंत पुरेल. त्यानंतर आणखी एक घेतली तर सत्त्याहत्तर. दोन नळ्या. पूर्वी असा विचार मनात आला असता तर दिवसभर उदास झालो असतो. आता तसं झालं नाही. निदान पुढच्या वेळी गोळ्या पसरायला लागल्या की मी आधी वही उघडेन. आणि त्यातून नळी ठीक आणि मीच संपलो असं निघालं, तर तेही मान्य करेन.

असो. कप्तानाला फोन केला होता. संघात जागा भरली आहे म्हणाला, राखीव म्हणून ये. जातोय.